भिंतीवरची नावे : नांदेड ते लातूर

नांदेडच्या जुन्या वस्तीत, गोदावरीच्या काठाला खेटून, नंदगिरीचा किल्ला उभा आहे. सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनासाठी देशविदेशांतून या नगरीत येणारे यात्रेकरू नदीचे घाट पाहतात, लंगरचा प्रसाद घेतात आणि परततात. किल्ल्याकडे वळणारे थोडेच. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, त्या निमित्ताने शहराचे रस्ते रुंदावले, घाट बांधले गेले, पूल उभे राहिले. नव्या नांदेडचे रूप तेव्हापासून पालटले. जुने नांदेड मात्र बुरुजांच्या, मोडक्या कमानींच्या आणि पडक्या वाड्यांच्या रूपाने मागच्या गल्ल्यांत राहिले. किल्ल्याच्या आत कधीकाळी शहराच्या पाणीपुरवठ्याची सोय केली गेली, म्हणून त्याची थोडीफार राखण तरी झाली. उपयोग संपला की वास्तूला कोणी विचारत नाही, हे सगळ्या मराठवाड्यात दिसते.

जुन्या भिंतीवर माणूस लिहितो. कोळशाने लिहितो, चुन्याने लिहितो, ऑइलपेंटने लिहितो, खिळ्याने कोरतो. बदामात बाण आणि बाणाच्या दोन टोकांना दोन आद्याक्षरे. दहावीच्या तुकडीचे वर्ष. कोण्या मित्रमंडळाचे नाव. एखाद्या क्लासची जाहिरात आणि तिच्याखाली दहा आकडी क्रमांक. लातुरात हा शेवटचा प्रकार नजरेत भरण्यासारखा आहे. 'लातूर पॅटर्न' या नावाने शहराची शैक्षणिक कीर्ती राज्यभर पसरली आणि त्या कीर्तीबरोबर शिकवण्यांचा बाजारही वाढला. परगावाहून मूल शिकायला येते तेव्हा त्याला सर्वांत आधी वाचायला मिळते ते भिंतीवरचे.

प्रत्येक जुन्या पेठेत एक असे गृहस्थ असतात, ज्यांना हे सहन होत नाही. बहुधा ते निवृत्त शिक्षक असतात, कधी बँकेतून निवृत्त झालेले, कधी अडत दुकान मुलाच्या हाती सोपवलेले. सकाळी देवदर्शन करून परतताना ते त्याच वळणावर थांबतात, चश्मा पुसतात आणि कालच्यापेक्षा आज काय वाढले ते पाहतात. गल्लीतली मुले त्यांना 'गुरुजी' म्हणतात, आणि पाठीमागे हसतातही. घरात त्यांची एक जाड फाइल असते. तिच्यात अर्जांच्या छायाप्रती असतात, प्रत्येकीच्या कोपऱ्यात आवक शाखेचा गोल शिक्का आणि क्रमांक. पहिला अर्ज सुवाच्य हस्ताक्षरात, 'सविनय' शब्दाने सुरू होणारा, चौथा टंकलिखित, सातव्याच्या जोडीला छायाचित्रे. विषयाची ओळ मात्र एकच राहते : 'जुन्या वास्तूच्या भिंतीवरील विद्रूपण थांबवणेबाबत.'

या फाइलकडे चेष्टेने पाहणाऱ्यांनी तिचा प्रवास एकदा नीट पाहावा. गुरुजींच्या अर्जावर पहिला प्रश्न उभा राहतो तो मजकुराचा नव्हे, मालकीचा. ही भिंत कोणाची? महापालिकेत गेले तर सांगतात, वास्तू पुरातत्त्व खात्याची असेल. पुरातत्त्व खात्याकडे गेले तर संरक्षित स्मारकांची यादी उघडली जाते आणि वास्तू त्या यादीत नसते. तहसील कार्यालयात नगर भूमापन क्रमांक मागतात. वक्फ मंडळ, देवस्थान, खासगी वारसदार, भाडेकरू, सार्वजनिक बांधकाम विभाग अशी दारे एकामागून एक येतात. 'साहेब दौऱ्यावर आहेत, गुरुजी, सोमवारी या,' एवढे उत्तर मिळाले तरी तो दिवस बरा गेला म्हणायचा. अर्ज करणारा थकतो तो नकाराने नव्हे. नकार लेखी मिळाला असता तर त्यावर अपील तरी करता आले असते.

मालकीचा हा गुंता केवळ आळसातून आलेला नाही. त्यामागे मराठवाड्याचा इतिहास आहे. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी यांच्या हाती त्याची धुरा आली. अजिंठ्याची चित्रे टिकवण्यासाठी याच खात्याने इटलीहून तज्ज्ञ आणवले होते, इतकी त्या खात्याची दृष्टी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. पुढे हैदराबाद राज्य, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. बारा वर्षांच्या आत तीनदा राज्य बदलले, आणि प्रत्येक वेळी दप्तरे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली. जुने कागद उर्दू-फारसीत, नवे इंग्रजी-मराठीत. लातूर तर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होते. नांदेडची महानगरपालिका १९९७ ची, लातूरची २०११ ची. त्याआधीचे सारे नगरपालिकेच्या दप्तरात. अमुक दरवाजा कोणाच्या ताब्यात आहे, याचे उत्तर द्यायला बसलेल्या आजच्या लिपिकाला खरोखरच ते ठाऊक नसते, आणि त्याला एकट्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

कायदा अपुरा आहे असेही नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो. स्मारकाची नासधूस अथवा विद्रूपण करणाऱ्याला त्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. मराठवाड्याच्या या भागासाठी राज्य पुरातत्त्व विभागाचे सहायक संचालकांचे कार्यालय नांदेडातच आहे. या दोन्ही याद्यांत नसलेल्या साध्यासुध्या भिंतीलाही वाली आहे. 'महाराष्ट्र मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९९५' हे त्याचे लांबलचक नाव. लोकांच्या दृष्टीस पडणाऱ्या कोणत्याही जागेचे विद्रूपण करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दोन हजारांचा दंड आजच्या घडीला क्लासच्या एका फलकाच्या खर्चाहूनही कमी, हे खरे. तरी कायदा कायदा असतो, आणि गुरुजींच्या पाचव्या अर्जापासून पुढे त्याचा कलमासह उल्लेख येऊ लागतो.

याच कायद्याच्या आधाराने महाराष्ट्रातील नागरिकांनी एक मोठी लढाई लढली आहे. साताऱ्याच्या 'सुस्वराज्य फाउंडेशन'ने बेकायदा फलकांविरुद्ध २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिचा निकाल लागला. विनापरवाना फलक काढा, लावणाऱ्यांवर १९९५ च्या कायद्याखाली गुन्हे नोंदवा, नागरिकांना तक्रार करता यावी अशी यंत्रणा उभारा, असे आदेश राज्यातील पालिकांना झाले. निकालानंतरही वाढदिवसांचे फलक चौकाचौकांत दिसतच राहिले आणि न्यायालयाला पालिकांना पुनःपुन्हा जाब विचारावा लागला. तरीही त्या निकालाने एक गोष्ट पदरात पडली : तक्रार ऐकून घेणे ही पालिकेची मेहरबानी नसून तिचे काम आहे, हे लेखी झाले.

आणखी एक उदाहरण दिल्लीचे आहे, आणि ते गुरुजींच्या प्रकरणाशी अधिक जुळणारे आहे. डिफेन्स कॉलनी या प्रतिष्ठित वसाहतीत लोदी काळातील एक लहानशी घुमटी आहे, 'शेख अली की गुमटी'. १९६० च्या दशकापासून रहिवासी संघटनेने तिच्यात आपले कार्यालय थाटले होते. पंखे लावले, खोटे छत बसवले. वास्तू संरक्षित घोषित करण्याचा विचार २००८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सोडून दिला. त्याच वसाहतीतील एका रहिवाशाने हा प्रश्न धरून ठेवला. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२४ मध्ये न्यायालयाने चौकशी करवली, पुरातत्त्व सर्वेक्षणाला खडे बोल सुनावले, आणि २०२५ मध्ये रहिवासी संघटनेला चाळीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आपल्याच शेजाऱ्यांविरुद्ध, आपल्याच संघटनेविरुद्ध उभे राहायला लागलेली वर्षे मोजली तर त्या रकमेपेक्षा ती मोठी भरतील. मराठवाड्यातील गुरुजींकडे दिल्लीचे वकील नाहीत; त्यांच्याकडे फाइल आहे.

नांदेडहून कंधार साधारण पन्नास किलोमीटर. मन्याड नदीच्या खोऱ्यातला हा रस्ता पावसाळ्यानंतर फार सुंदर असतो. दुतर्फा सोयाबीन पिवळे पडू लागलेले, मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. राष्ट्रकूटांच्या काळी कंधारपूर हे वैभवाचे नगर होते. दहाव्या शतकातील सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील जो शिलालेख येथे मिळाला, त्यात या नगरातील देवालयांचा आणि 'जगत्तुंगसमुद्र' या विशाल तलावाचा उल्लेख आहे. तलाव आजही आहे. प्रचंड आकाराच्या क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष येथे सापडले. नुसता पाय पाहिला तरी मूळ मूर्ती केवढी असेल याची कल्पना करताना मान वर होते. भुईकोट किल्ल्याभोवती पाण्याने भरलेला खंदक आहे. बहामनी, निजामशाही, मोगल, निजाम अशा सत्ता येथे नांदल्या आणि प्रत्येकीने आपले काही ना काही दगडावर लिहून ठेवले.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करावा लागतो. राजाने लिहिला तो शिलालेख आणि शाळकरी पोराने लिहिले ते विद्रूपण, हा भेद कोणी ठरवला? प्रश्न खोडसाळ वाटला तरी टाळण्याजोगा नाही. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर आणि विंध्यगिरीवर शेकडो लेख आहेत. त्यांत सल्लेखनेचे लेख आहेत, दानाचे आहेत, आणि केवळ 'अमुक यात्रेकरू येऊन गेला' एवढेच सांगणारेही पुष्कळ आहेत. उत्तरेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी नागरी लिपीत आपली नावे तेथे कोरली. गोमटेश्वराच्या पायाशी असलेले 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे वाक्य तर दीर्घ काळ मराठीतील सर्वांत जुने वाक्य म्हणून शिकवले गेले. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून आपले नाव खरवडले. ज्याने ही लेणी आधुनिक जगाच्या नजरेस आणली, त्यानेच पहिला ओरखडा काढला. आज त्याचे नाव मार्गदर्शक हौसेने दाखवतात.

भेद आहे, आणि तो केवळ वयाचा नाही. चंद्रगिरीवरचा यात्रेकरू मोकळ्या कातळावर लिहीत होता. मूर्तीच्या अंगावर नव्हे. लिहिण्यासाठी तो बहुधा पाथरवटाला पैसे मोजत होता, अक्षर घोटून घेत होता, आणि त्याच्या लिहिण्यात त्या जागेपुढे आपले लहानपण कबूल केलेले होते. जॉन स्मिथने चित्रावर लिहिले. क्लासची जाहिरात करणारा कमानीच्या नक्षीवर लिहितो, कारण रस्त्यावरून तीच आधी दिसते. या दोघांना जागा हवी असते, ती जागा काय आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. शंभर वर्षांनी एखादा संशोधक ऑइलपेंटमधल्या या मजकुरावर प्रबंध लिहील, हे शक्य आहे. त्याच्यासाठी एक छायाचित्र पुरे. त्याखालची नक्षी त्याने गमवायचे कारण नाही.

कंधारहून पुढे लातूर. वाटेत अहमदपूर, चाकूर. उदगीरचा किल्ला थोडा आडबाजूला राहतो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला याच परिसरात नमवले, म्हणून शाळेच्या पुस्तकातून तो मराठी माणसाच्या ओळखीचा असतो.

लातूर जैन वाचकाच्या दृष्टीने केवळ शिक्षणाचे आणि डाळींच्या बाजारपेठेचे शहर नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, ज्याने इ. स. ८१४ पासून सुमारे चौसष्ट वर्षे राज्य केले, आचार्य जिनसेनांना ज्याने गुरुस्थानी मानले, तो स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवतो. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे अभ्यासक मानतात. राजधानी मान्यखेटला होती, तरी कुळाचे मूळ गाव बिरुदात जपले गेले. पुढे सौंदत्ती-बेळगावच्या जैनधर्मीय रट्ट राजांनीही तेच बिरुद लावले. ज्यांच्या काळात १२०४ साली बेळगावची कमल बस्ती उभी राहिली, त्या राजांनी कित्येक पिढ्यांनंतरही लातूरचे नाव सोडले नव्हते. सांगली-कोल्हापूर-बेळगावच्या वाचकाने लातुरात उतरताना हे स्मरणात ठेवले, तर गाव परके वाटणार नाही.

आजच्या लातूरचे हृदय म्हणजे गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली, १९१७ साली बांधलेली ही गोल दुमजली इमारत, मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सराफ, दुसऱ्यावर चप्पल, तिसऱ्यावर कापड, कुठे मिरची, कुठे गूळ. वास्तू वापरात आहे, हे तिचे भाग्य आणि दुर्दैवही. भाग्य असे की ती पडू दिली जात नाही. दुर्दैव असे की दुकानाची पाटी, विजेची तार, भिंतीत मारलेला खिळा, पावसाळ्यासाठी ताणलेली ताडपत्री या साऱ्यांचा भार तिला वाहावा लागतो. शंभरी ओलांडलेल्या इमारतीच्या नावाने शहर ओळखले जाते, पण गर्दीत तिची गोलाई पाहायची म्हटले तर पहाटे जावे लागते. दुकाने उघडण्याआधी, झाडूवाल्या बायका रस्ता लोटत असताना, तिचे मूळ रूप तासभर दिसते.

लातूर भागात जुन्या दगडी बांधकामाविषयी जी उदासीनता दिसते, तिच्या पोटात एक भीतीही आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय अर्जदाराच्या शेजाऱ्यांना बेपर्वा म्हणणे अन्याय होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेत गेली. ती भूकंपाने मेली म्हणण्यापेक्षा घरांनी मेली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार असणारे पिढीजात घर एका मिनिटाच्या आत कबर झाले. बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. त्यानंतर कित्येक वर्षे सुस्थितीतल्या घरातलीही माणसे अंगणात पत्र्याच्या शेडखाली झोपत होती. जुना दगडी वाडा म्हणजे वारसा, हे त्या पिढीला कसे पटावे? वाडे उतरवले गेले, दगड विकले गेले, सागवानी तुळया व्यापाऱ्यांनी नेल्या. जे उतरवता आले नाहीत ते तसेच सोडून दिले गेले. सोडून दिलेल्या भिंतीवर लिहायला कोण अडवणार?

म्हणून लातुरात गुरुजींचा अर्ज दुहेरी अडचणीत सापडतो. 'भिंत स्वच्छ करा' असे त्यांनी लिहिले की 'इमारत धोकादायक आहे' असा शेरा येण्याची शक्यता असते, आणि धोकादायक इमारतीवरचा सर्वांत सोपा उपाय पाडणे हाच असतो. तक्रार करून आपणच वास्तूचा जीव धोक्यात घालत नाही ना, ही शंका त्यांना रात्री जागवते. अनुभवी अर्जदार यावर उपाय शिकलेले असतात. ते 'दुरुस्ती' हा शब्द जपून वापरतात, 'संरचनात्मक तपासणी' आधी मागतात आणि अर्जाची एक प्रत पुरातत्त्व विभागाला व दुसरी जिल्हाधिकाऱ्यांना जोडतात, जेणेकरून एका खात्याने घाई केली तर दुसऱ्याला माहीत असावे.

लातूरहून निलंग्याच्या दिशेने सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर खरोसा आहे. औसा तालुक्यातलेच हे गाव, किल्लारीही त्याच तालुक्यात. एका बेताच्या टेकडीत जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्यांची ही रांग सहाव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या पाहणीत धाराशिवच्या लेण्यांबरोबर यांचीही नोंद केली आणि १८७८ च्या अहवालात ती छापली. शिव-पार्वती, नरसिंह, कार्तिकेय असे शिल्पपट येथे आहेत. एका लेण्यात ध्यानस्थ बसलेली मूर्ती आहे, ती बुद्धाची म्हणून ओळखली जाते. वेरूळ पाहून आलेल्याला खरोसा ओबडधोबड वाटेल. जांभा खडबडीत आणि सच्छिद्र असतो. कातळासारखी धार त्याला येत नाही, आणि पंधरा पावसाळी शतके त्यावरून गेली आहेत.

विद्रूपणाचा खरा घाव काय असतो, ते अशा जागी समजते. पद्मासनातील प्राचीन मूर्ती जिनाची की बुद्धाची, हे लांबून ठरत नाही. पाहावे लागते ते लहान तपशील : आसनाच्या मध्यावर लांछन आहे का, छातीवर श्रीवत्साचा उठाव आहे का, अंगावर वस्त्राची रेषा आहे की नाही, मस्तकावर त्रिछत्र आहे का, नागफणा आहे का. झिजलेल्या दगडात ही चिन्हे कित्येकदा दोन-तीन मिलिमीटरांच्या उठावावर शिल्लक असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात, दुपारी नाहीशी होतात. त्यांवर कोणी ऑइलपेंट फासला, किंवा पेंट काढण्यासाठी कोणी तारेचा ब्रश चालवला, की मूर्तीची ओळखच पुसली जाते. मराठवाड्यातील वादाच्या किती मूर्ती केवळ अशा एखाद्या नष्ट चिन्हापायी कायमच्या अनिर्णित राहतील! धाराशिवच्या लेण्यांचे भाग्य असे की मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या लेण्यांची कथा आली आणि डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली ते काव्य संपादून प्रसिद्ध केले. दगडाला ग्रंथाची साक्ष मिळाली. खरोसाला अशी साक्ष नाही. तेथे जे काही सांगायचे ते दगडालाच सांगावे लागणार आहे.

साफसफाईच्या हौसेचा धोकाही याच ठिकाणी सांगितला पाहिजे, कारण भक्तिभावाने आणि श्रमदानाच्या उत्साहाने केलेली हानी कमी नाही. भिंतीवरचा मजकूर दिसेनासा व्हावा म्हणून वर चुना किंवा डिस्टेंपर मारला जातो. मजकूर झाकतो, पण दगडाचा श्वास कोंडतो आणि आतला ओलावा पापुद्रे काढत बाहेर येतो. ॲसिडने धुतले तर चुन्याचे जुने दर्जे विरघळतात. वाळूचा झोत मारला तर रंगाबरोबर दगडाची कातडीही जाते. जाणकार लोक कागदाच्या लगद्यात किंवा मातीत योग्य द्रावण भिजवून त्याचा लेप रंगावर थापतात, तो वाळू देतात आणि रंग शोषून घेतलेला लेप अलगद उचलतात. एका हाताएवढ्या जागेला कधी पूर्ण दिवस लागतो. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात रंग खोल मुरतो, तेथे हे काम आणखी अवघड. पुरातत्त्व सर्वेक्षणाची रसायनतज्ज्ञांची शाखा छत्रपती संभाजीनगरात आहे, आणि असे काम तिच्यासारख्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. खिळ्याने कोरलेल्या नावावर मात्र कोणताही लेप चालत नाही. ते राहते.

ताजा रंग जुन्या रंगापेक्षा सहज निघतो, आणि स्वच्छ भिंतीवर पहिले अक्षर लिहिणाऱ्याचा हात थोडा कचरतो. या दोन साध्या गोष्टींवर न्यूयॉर्कसारख्या शहराने आपली भुयारी रेल्वे स्वच्छ केली. १९८४ पासून तेथे नियम पाळला गेला : एकदा धुतलेला डबा पुन्हा रंगला, तर तो साफ होईपर्यंत फेरीवर काढायचा नाही. आपले नाव शहरभर फिरलेले पाहण्यात ज्यांना रस होता, त्यांचा रसच त्यामुळे संपत गेला. मे १९८९ मध्ये शेवटचा रंगलेला डबा सेवेतून निघाला. पाच वर्षे लागली. त्यासाठी पोलीस जितके लागले, त्याहून अधिक धुणारे हात लागले.

नांदेड-लातूरच्या अर्जदाराच्या हाती एवढी साधने नाहीत, पण काही आहेत. अर्जात 'किल्ल्याची दुरवस्था' असे मोघम लिहिण्याऐवजी पूर्वेकडील दुसऱ्या बुरुजाची बाहेरील बाजू, जमिनीपासून चार फूट, अशी जागा सांगितली की लिपिकालाही फाइल पुढे सरकवणे सोपे जाते. छायाचित्रावर तारीख हवी. तेच छायाचित्र सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा घेतले, तर दोन प्रतींमधले अंतर कोणत्याही निवेदनापेक्षा बोलके ठरते. वास्तू कोणाच्या ताब्यात आहे, एवढा एकच प्रश्न २००५ च्या माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतो, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक असते. 'आमच्याकडे नोंद नाही' असे उत्तर आले, तरी ते लेखी आलेले असते. त्याची प्रत पुढच्या कार्यालयात चालते. गुरुजींच्या फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद बहुधा असाच एखादा नकार असतो.

आणि शाळा. औशाच्या, कंधारच्या, उदगीरच्या किल्ल्यांवर लिहिणारी मुले बहुतांशी त्याच गावची असतात किंवा सहलीला आलेली असतात. ज्या मुलाने एकदा वही-पेन्सिल घेऊन एखाद्या शिलालेखाची अक्षरे मोजली, त्याच्या हातात पुढे खिळा येणे कठीण. सहलीच्या बसमध्ये पाण्याचे पिंप जसे आठवणीने चढवले जाते, तसा एखादा टाळेबंद तासही शिक्षकांनी यासाठी राखून ठेवावा, अशी अपेक्षा फार मोठी नाही.

लातूरच्या पुढे अनेक जैन कुटुंबांची वाट कुंथलगिरीकडे जाते. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जेथे सल्लेखना घेतली, ते हे क्षेत्र. यात्रेच्या एका दिवसात वाट थोडी वाकडी करून खरोसा पाहता येते. सकाळी लवकर पोहोचले तर तिरपे ऊन शिल्पांवर असते. गुरुजींसारखे अर्जदार मात्र त्या दिवशी यात्रेला निघालेले नसतील, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेले सापडतील, मांडीवर फाइल, फाइलवर चश्म्याचे घर. जिल्ह्याचा लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्या दिवशी सुट्टी आली, तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी.